सेंट मार्क्स प्लेस, वरचा मजला

जाड लोकरी कोट चढवा. एप्रिल लागला असला तरी न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधला संध्याकाळचा वारा अजून हाडापर्यंत जातो. साल १९६६. तुम्ही सेंट मार्क्स प्लेसच्या फुटपाथवर उभे आहात आणि सगळ्यात आधी जागं झालंय ते तुमचं नाक. आसपासच्या पोलिश, युक्रेनियन खानावळींतून परतलेला कांदा, उकडलेला कोबी आणि धुरावलेल्या सॉसेजचा वास येतोय. कोपऱ्यावर थांबून एक एग क्रीम मागा. त्यात ना अंडं ना मलई. दूध, चॉकलेटचा पाक आणि वर फसफसणारा सोडा. उभ्या उभ्या संपवा. वर हातात ग्लास धरून उभं राहण्याइतकीही जागा मिळायची नाही.

जिना चढा. हे पोलिश मंडळींचं समाजगृह. या महिन्यासाठी त्याचा मोठा हॉल चित्रकार अँडी वॉरहॉलने भाड्याने घेतलाय. दार लोटलंत की गरम हवेचा झोत तोंडावर येईल. सिगारेटचा धूर, घाम, केसांवर मारलेला स्प्रे, तापलेल्या प्रोजेक्टरांची करपट धूळ. कोट घातल्याचा पश्चात्ताप होईल, पण तो काढायला कोपर हलवायची सोय नाही. भिंतींवर एकाच वेळी चार-पाच सिनेमे चाललेत. इकडे कुणी झोपलंय, तिकडे कुणी सावकाश खातंय, पलीकडे एक जोडपं चुंबन घेतंय आणि थांबायचं नाव नाही. आरशांच्या गोळ्यावरून उडालेले उजेडाचे ठिपके तुमच्या बाहीवरून पळत जातात. मग स्ट्रोबचा लखलखता दिवा सुरू होतो आणि शेजारची मुलगी तुटक तुटक हलताना दिसते. बाल्कनीत प्रोजेक्टरापाशी उभा असलेला तो पांढुरक्या केसांचा, अबोल माणूस म्हणजे वॉरहॉल. त्याच्याकडे फार वेळ बघू नका. खरी गोष्ट मंचावर आहे.

मंचावर काळे कपडे आणि काळे चष्मे. एवढा उजेड डोळ्यांवर आपटत असताना वाजवायचं तर चष्मा हवाच. बँडचं नाव व्हेल्व्हेट अंडरग्राउंड. ड्रम वाजवणारी मो टकर स्टुलावर बसलेली नाही, उभी आहे. तिने मोठा ड्रम आडवा टाकलाय आणि मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी ती त्यावर एकच ठोका धरून आहे. झांजांचा खणखणाट जवळजवळ नाहीच. पांढऱ्या सुटातली उंच गायिका नीको हलतसुद्धा नाही. तिच्याजवळ जेरार्ड मलांगा चाबूक फिरवत नाचतोय. पहिल्या रांगेत असाल तर चार बोटं मागे सरका.

आता जॉन केलकडे या. वेल्समधल्या खाण कामगाराचा मुलगा, हातात व्हायोला. जमेल तितकं पुढे जाऊन त्या वाद्याची घोडी नीट बघा. तिची गोलाई त्याने घासून सपाट केलीय, म्हणजे गज एकदा टेकवला की तीन तारा एकदमच बोलतात. ताराही नेहमीच्या नव्हेत, गिटारच्या, धातूच्या. गज ओढला की राळेची पांढरी धूळ उडते आणि अँपमधून जो आवाज निघतो तो आधी तुमच्या दातांना कळतो, मग बरगड्यांना आणि शेवटी कानांना.

तुम्ही मराठी घरातले असाल आणि लहानपणी कुठल्या तरी मैफिलीत कंटाळून तंबोऱ्याच्या भोपळ्याला पाठ टेकली असेल, तर इथे तुमचं शरीर तुमच्या आधी ओळख देईल. ही ओळख खोटी नाही. १९५५ साली अमेरिकेत निघालेल्या अली अकबर खाँच्या एका रेकॉर्डवर सरोदामागे तंबोरा वाजतो. तो ऐकून ला माँट यंग या संगीतकाराला लांबच लांब सुरांचं वेड लागलं. त्याच्याच मंडळीत केल व्हायोला धरून तासन् तास एक सूर लावत बसायचा. त्यांचा षड्ज कुठला? विजेचा! अमेरिकेतल्या तारांमधून वीज सेकंदाला ६० आवर्तनं घेत धावते. फ्रिज, मोटर, अँप सगळे त्या स्वरात गुणगुणतात. त्यावर वाद्यं जुळवून ही माणसं बसायची. आपल्याकडे तीच गुणगुण ५० वर असते, म्हणजे चांगलीच खाली. यंग तर १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य होणार आहे. पण ते तुम्ही इथे कुणाला सांगू नका, त्याला अजून वेळ आहे.

मला या बँडचं सगळ्यात मोठं धाडस वाटतं ते हे की, तो ध्यानाला बसण्याचा सूर त्यांनी उचलून असा घामट गर्दीत, कर्कश गिटारींच्या मधोमध आणून ठेवला. बँडचा गायक लू रीड याने तर कधी कधी गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्यात. स्टर्लिंग मॉरिसनची गिटार शेजारून करवतीसारखी चालते. आता सुरू झालंय ते गाणं दोनच कॉर्डवर उभं आहे. संथ निघतं, मो टकरचा ठोका धाप लागल्यासारखा वाढत जातो, पुन्हा मंदावतो, पुन्हा वाढतो. केलचा एक सूर मात्र खाली तसाच पसरलेला. मग व्हायोला किंचाळतो, अँप शिट्टी मारतात, फरशी तळव्यांना गुदगुल्या करते. काहीजण कानांवर हात ठेवून जिन्याकडे निघालेत. एकजण डोळे मिटून डोलतोय. तुमच्या पाठीतून घामाची धार उतरतेय आणि पोटातलं एग क्रीम ढवळून निघतंय.

जिन्याकडे जाऊ नका. बाहेर पडणाऱ्यांनी केलेल्या जागेत पुढे सरका, अँपच्या अगदी समोर. तो खालचा सूर गोंगाटातून वेगळा काढा. क्षणभरात सापडेल, तुमचे कान त्यावरच वाढलेत. सापडला की छाती भरून श्वास घ्या आणि मोकळ्या गळ्याने सा लावा. अगदी ओरडून लावा. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही, आणि केल काही इतक्यात थांबत नाही.