नाणं आणि मरण

‘मेटल स्लग’ हा जपानी खेळ 1996 साली निओ जिओ यंत्रावर आला. सैनिक डावीकडून उजवीकडे धावतो, बांधलेले कैदी सोडवतो. पण एक गोळी लागली की एक जीव गेला. जीव मोजकेच. ते संपले की नवं नाणं टाका. म्हणजे खेळातल्या या मरणामागे गल्ल्याचा हिशेब होता.

आज तोच खेळ ब्राउझरमध्ये चालतो. जुन्या यंत्राची नक्कल एक प्रोग्रॅम करतो. चित्रं तीच, गोळ्या त्याच. नाणं मात्र कळ दाबली की पडतं, फुकट. खेळ जपला गेला, मरणाची किंमत गेली. आता सांगा, पूर्वीची पोरं इतकी जपून का खेळत, हे नुसता खेळ पाहून कसं कळणार? वस्तूबरोबर तिचा व्यवहारही नोंदवून ठेवावा लागतो. इतिहास म्हणजे तेच.