धाव कोणाची: बैलांची की गाडीवानाची?

१/ पनवेल परिसरात बैलगाड्यांच्या शर्यती नव्या नाहीत. जिंकलेल्या जोडीची किंमत वाढते, मालकाचे नाव गावोगाव होते. पण जिंकते ती जोडी, की तिला हाकणारा गाडीवान? 🧵

२/ येथील गाडीला दोन बैल असतात आणि कासरा गाडीवानाच्या हाती. कोणता बैल सुरुवातीला अडतो, कोणता बाहेर ओढतो, हे त्याला सवयीने ठाऊक असते. तीच जोडी अनोळखी हाती दिली, तर धाव तीच राहील याची खात्री नाही.

३/ हाच वाद २००८ साली जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगवर झाला. सुमारे २०.८ किलोमीटरच्या या मार्गावर निस्सानच्या जीटी-आरने ७ मिनिटे २९ सेकंदांची फेरी नोंदवली. चालक होते तोशियो सुझुकी. प्रतिस्पर्धी पोर्शने त्याच मॉडेलची गाडी विकत घेऊन आपल्या चालकाकडून चालवली. वेळ आली ७ मिनिटे ५४ सेकंद.

४/ पोर्शला टायरविषयी शंका आली. निस्सानने चालकाच्या अपरिचयाकडे बोट दाखवले. २५ सेकंदांच्या या फरकात यंत्राचा वाटा किती आणि हाताचा किती, हे केवळ दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

५/ पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर भागांत याचे एक उत्तर दिसते. तेथील घाटात चार बैलांचा गाडा गाडीवानाशिवाय धावतो, पुढे घोडी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. माणसाचा हात वगळला गेला. तरी बैलांची घाटाशी आणि एकमेकांशी असलेली ओळख उरतेच.

६/ ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

७/ बैलाच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात. साडेसात वर्षांच्या खंडात जुन्या जोड्या थकल्या, नव्या बैलांना अधिकृत मैदान मिळाले नाही, गाडीवानांचा सराव तुटला. म्हणून बंदीपूर्वीचे आणि नंतरचे सेकंद शेजारी मांडून ‘पूर्वीचे बैल वेगवान होते’ असे म्हणणे घाईचे ठरेल.

८/ नोंदवलेली वेळ हा एकट्या बैलाचा किंवा यंत्राचा गुण नसतो. हाकणारा, वाट आणि त्यांची परस्पर ओळख या सर्वांची ती सामायिक नोंद असते. इतिहासाने ती तशीच वाचावी.