पथकर व मार्गसंदेशवहनाची सुरक्षितता

वाहन आणि मार्गावरील नियंत्रणयंत्रणा यांच्यात होणारी संदेशांची देवघेव खरी व अबाधित राखण्याच्या उपायांना मार्गसंदेशवहनाची सुरक्षितता असे म्हणता येईल. हे संदेशवहन आता बिनतारी झाले असले, तरी येणारा कोण आणि कर घेणारा अधिकृत आहे काय, हे प्रश्न मार्गाइतकेच जुने आहेत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत या इतिहासाची दोन्ही टोके आढळतात.

सोपारा, कल्याण या बंदरांकडून जुन्नरमार्गे पैठणला जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग नाणेघाटातून चढत असे. तेथील लेण्यात इ. स. पू. पहिल्या शतकातील राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, अशी परंपरा आहे. जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले या परिसरावर नजर ठेवीत. वाटसरूची ओळख पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असे.

मंचर, नारायणगाव व आळेफाटा यांवरून जाणाऱ्या पुणे–नाशिक महामार्गावर जुन्नर तालुक्यातील चाळकवाडी येथे पथकर नाका उभारण्यात आला. राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर १६ फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाला. या पट्टीत विद्युत् घट नसतो. नाक्यावरील वाचकयंत्राच्या ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांतूनच तिला ऊर्जा मिळते व ती आपला क्रमांक परत पाठविते. केवळ क्रमांक वाचता आल्याने पैसे काढता येत नाहीत. नोंदणीकृत नाक्याकडून अधिकृत बँकव्यवस्थेमार्फत आलेली मागणीच मान्य होते. मात्र एका वाहनाची पट्टी दुसऱ्यावर वापरण्याचा धोका उरतो. म्हणून पट्टी काचेवर पक्की चिकटविण्याचा आग्रह धरण्यात आला आणि २०२४ मध्ये ‘एक वाहन, एक फास्टॅग’ हे धोरण अंमलात आले.

वाहने व सिग्नल यांच्या थेट संवादात खोट्या संदेशाने पैशांऐवजी प्राणच धोक्यात येतात. अमेरिकेत १९९९ मध्ये अशा संवादासाठी ५.९ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा राखून ठेवण्यात आला. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये तेथील सिग्नलांच्या बिनतारी जाळ्यात गूढलेखन नसल्याचे व मूळचेच परवलीचे शब्द चालू असल्याचे दाखवून दिले. यावर उपाय म्हणजे प्रत्येक संदेशाला अंकीय स्वाक्षरी जोडणे. परंतु स्वाक्षरी कायम एकच राहिल्यास वाहनाचा माग काढता येतो. म्हणून ती प्रमाणित करणारी तात्पुरती ओळखपत्रे वारंवार बदलतात.

बिनतारी साधनांच्या प्रसाराला या भागात आणखी एक बाजू आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी हा परिसर निवडण्यामागे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक कारण होते.

नाणेघाटातील पहारेकरी वाटसरूला पाहून विसरून जाई. यंत्राची नोंद मात्र टिकून राहते. त्यामुळे भाजीपाला घेऊन रोज बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याचा कर योग्य ठिकाणी पोहोचणे आणि त्याच्या येण्याजाण्याची माहिती परक्या हाती न पडणे, या दोन्ही गोष्टी मार्गाच्या सुरक्षिततेत मोडतात.