टीव्ही कोणाच्या हातात? शटरच्या किल्लीपासून स्मार्ट टीव्हीपर्यंत

हा भाग बऱ्याच जणांनी ऐकला, पण एसटीत नीट ऐकू येत नाही, लिहिलेलं द्या, असे मेसेज आले. तर हे घ्या. बोललेलंच आहे, फक्त थोडं सरळ करून लिहिलंय.

मागच्या दिवाळीला मी घरी एक भारी टीव्ही घेतला. ५५ इंची, फोर-के, कडा इतक्या बारीक की भिंतीवर नुसतं चित्र टांगल्यासारखं वाटावं. माझं घर बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर, मेहकर तालुक्यात. मी राहतो पुण्यात. आई-बाबा दिवसभर शेतात असतात आणि घरात आजी एकटी. तिच्यासाठीच घेतला म्हणा ना.

आठ दिवसांनी दुपारी दोन वाजता फोन. आजी म्हणते, "काऊन रे, हे टीव्ही चालू काऊन नाही होत? नुसतं निळं दिसून राहिलं." मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, वरचं बटण दाब म्हटलं, मग डावीकडे जा, मग ओके. वीस-पंचवीस मिनिटं गेली. शेवटी ती म्हणाली, "राहू दे बाप्पा, तू तुझं काम कर." संक्रांतीला घरी गेलो तर त्या टीव्हीवर धुतलेली चादर टाकलेली, आणि आजी शेजारच्या काकूंकडे. त्यांच्या जुन्या डबा टीव्हीवर कीर्तन बघत बसलेली.

मला आधी राग आला, खरं सांगतो. एवढे पैसे घातले! मग वाटलं, ही बाई चाळीस वर्षं टीव्ही बघतेय. हिला टीव्ही लावता येत नाही असं कसं होईल? म्हणून मी आमच्या घरातल्या टीव्हींचा इतिहास खणायला बसलो.

आधी थोडं मागे

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत. मुंबईत यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. खेड्यापर्यंत टीव्ही नेण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला १९७५-७६ मध्ये. त्याचं नाव साइट. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही बसवले. त्यात महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आमच्याकडे काही आलं नाही. पण त्याची रचना बघण्यासारखी होती. उपग्रहाचा सिग्नल पकडायला दहा फुटी छत्री, आणि ती कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची! हलकी, स्वस्त, वाऱ्याला कमी अडणारी. शिवाय गावातल्या एका माणसाला टीव्ही लावायला-सांभाळायला शिकवलेलं असायचं. म्हणजे रचना करणाऱ्यांनी आधी विचारलं होतं की हे लावणार कोण? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि मग छोट्या प्रक्षेपकांची लाटच आली. १९८४ मध्ये काही महिने तर देशात जवळपास रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. आमच्या भागातल्या घरांवर अँटेना उगवल्या त्या या लाटेनंतर.

किल्लीचा काळ

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९८६ मध्ये ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. लाकडी खोका, चार पाय, पुढे सरकणारं शटर आणि शटरला कुलूप. तेव्हाचे बरेच टीव्ही असेच असायचे. टीव्ही म्हणजे फर्निचरच. आतली नळी काचेची, जड, खोल, म्हणून खोकाही तसाच दणकट.

वापरायला तो कसा होता? एकदम सोपा. एक खटका फिरवला की चालू, तोच पुढे फिरवला की आवाज वाढतो. चॅनल बदलायला कटकट वाजणारं गोल बटण, पण चॅनल होतं एकच, म्हणून त्याला हात लावायचं कारण नव्हतं. चित्र वर-वर सरकायला लागलं तर एक बारीक खटका फिरवायचा. बस. बटणाकडे बघूनच कळायचं की टीव्ही बंद आहे की चालू.

पण किल्ली आबांच्या कमरेला! ते ‘आमची माती, आमची माणसं’ आणि बातम्या बघायचे आणि कुलूप लावायचे. आजी सांगते, "मले खटका फिरवता येत होता रे, पण किल्ली कोण देते?" म्हणजे यंत्र सोपं, पण ताबा एकाचाच. तो ताबा सुटायचा फक्त रविवारी सकाळी. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. मग टीव्ही ओट्यावर काढावा लागायचा, कारण सगळी आळी यायची. वीस इंची पडद्यासमोर पन्नास-साठ माणसं, आणि तरी मागच्याला ऐकू जायचं. कारण भोंगा, म्हणजे स्पीकर, पडद्याच्या शेजारी, तोंड बघणाऱ्यांकडे. हेही लक्षात ठेवा.

गच्चीचा काळ

खरी अडचण असायची सिग्नलची. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन भागांत बोलला जातो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मधे डोंगर आला की पडद्यावर मुंग्या. छोट्या प्रक्षेपकाचा पल्लाही फार नसायचा. म्हणून उंच पाइप, त्यावर अँल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना, खाली बूस्टर.

ती अँटेना म्हणजे यागी. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात काढलेली. तिचा गुण हाच की ती एकाच दिशेचं नीट ऐकते. म्हणून वाऱ्याने जरा फिरली की चित्र गेलं. मग काका धाब्यावर, बाबा दारात, आजी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं, धर तिथंच!" एक टीव्ही लावायला तीन माणसं. वापरायला अवघड? हो. पण त्यात आजीचं काम ठरलेलं होतं. तिच्या होकाराशिवाय काका खाली उतरू शकत नव्हता.

रिमोटचा काळ, म्हणजे आजीचा काळ

दूरवरून टीव्ही चालवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये फ्लॅश-मॅटिक काढला. टॉर्चसारखा उजेड टीव्हीच्या कोपऱ्यावर मारायचा. मात्र खिडकीतलं ऊन पडलं तरी चॅनल बदलायचं! १९५६ मध्ये रॉबर्ट अॅडलर यांनी आवाजावर चालणारा स्पेस कमांड केला, त्याला बॅटरीही लागत नव्हती. इन्फ्रारेड रिमोट त्यानंतर आले.

आमच्याकडे रिमोट आला तो केबलबरोबर, नव्वदीच्या मधल्या काळात. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला, आणि मग चॅनलांचा पूर आला. आमचा रंगीत टीव्ही २१ इंची. बाबांनी सिमेंटच्या शोकेसमध्ये बरोबर त्याच्या मापाचा कोनाडा बांधून घेतला. टीव्हीवर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं, शेजारी गजानन महाराजांचा फोटो. रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि रबर.

आजीला वाचता येत नाही. पण केबलवाल्याने लावलेले नंबर तिला जागेने पाठ होते. वरून दुसऱ्या ओळीतलं मधलं, म्हणजे पाच, तिची मालिका. खालून दुसरं डावीकडचं, म्हणजे सात, भजन. अंधारातही दाबायची. आबा गेले, किल्लीवाला टीव्ही अडगळीत गेला, आणि दुपारच्या वेळी पहिल्यांदाच टीव्हीचा ताबा आजीकडे आला. लाइट गेली आणि परत आली तरी ती उठून लावायची. भारनियमनाच्या वर्षांत हे दिवसातून कितीतरी वेळा व्हायचं. कोणाला हाक मारायची गरज नव्हती.

पहिला धक्का सेट-टॉप बॉक्सचा. केबलचं डिजिटायझेशन २०१२ मध्ये महानगरांत सुरू होऊन टप्प्याटप्प्याने खेड्यांपर्यंत आलं. आता रिमोट दोन झाले. पण आजीने तेही जमवलं. टीव्हीच्या रिमोटला लाल दोरा बांधला, संपलं.

आता आपल्या भारी टीव्हीकडे या

२००७ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी सोनीने ११ इंची ओएलईडी टीव्ही विकायला काढला, सर्वात बारीक जागी फक्त ३ मिलिमीटर जाड. त्याच सुमाराला जगभरात एलसीडी टीव्ही जुन्या नळीच्या टीव्हींपेक्षा जास्त विकले जाऊ लागले. तेव्हापासून कंपन्यांची शर्यत एकच: अजून बारीक, कडा अजून कमी.

बारीक झाल्याने काय झालं ते आमच्या घरात बघा. ५५ इंची पडदा सुमारे चार फूट रुंद आणि त्याचे पाय दोन्ही टोकांना. शोकेसच्या कोनाड्यात तो बसणार कसा? भिंतीवर टांगला. वर रुमाल ठेवायला जागाच नाही, म्हणून महाराजांचा फोटो आजीने दुसऱ्या खोलीत नेला. भोंगा पुढे बसायला कड उरली नाही, म्हणून तो खाली तोंड करून बसवलाय. चित्र पाण्यासारखं स्वच्छ, पण आजीला संवाद कळत नाहीत. आवाज वाढवला की गाणी अंगावर येतात. टीव्हीवर दिसणारं बटण एकही नाही. आहे ते मागे, खाली, हाताने चाचपडावं लागतं.

रिमोट दिसायला सुरेख आहे. पण त्यावरचे आकडे गेले. त्या जागी वेगवेगळ्या अॅपची बटणं आली, ज्यांचे पैसे आम्ही भरतही नाही. आजीचं पाच आणि सात कुठे आहे? कुठेच नाही. शिवाय लाइट येऊन-जाऊन झाली की टीव्ही सेट-टॉप बॉक्सवर जात नाही, स्वतःच्या मेनूवर उघडतो. चुकून हात लागला की अॅप, अॅप म्हणतं लॉग-इन करा, लॉग-इनचा कोड येतो माझ्या फोनवर, आणि मी मीटिंगमध्ये. म्हणजे किल्ली परत आली! आबांच्या कमरेला होती, आता माझ्या खिशात आहे. मला ती नको होती, पण टीव्हीची रचनाच अशी की ती माझ्याकडेच येते.

आणखी एक. जुनं शटर लावलं की टीव्ही बंद, विषय संपला. आजचे काही टीव्ही तुम्ही काय बघता याची नोंद ठेवतात. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीला याच कारणाने २२ लाख डॉलर भरावे लागले, कारण सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींमधून लोकांना न विचारता माहिती गोळा केल्याचा आरोप होता. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं. आजच करा.

मग मी काय केलं

टीव्ही परत केला नाही. एक दिवस काढला आणि आजीला शेजारी बसवून सगळं बदललं. टीव्ही चालू झाला की थेट सेट-टॉप बॉक्सच उघडावा, हे सेटिंग खोल कुठेतरी होतं, ते सापडलं. आवाजाचा मोड संवादाचा केला आणि भागेना म्हणून एक साधा स्पीकर पडद्याखाली पुढे तोंड करून लावला. बॉक्सच्या रिमोटवर आकडे आहेत, तोच आजीचा ठरवला. नव्या रिमोटची पॉवर सोडून बाकी सगळी बटणं चिकटपट्टीने झाकली. शोरूममध्ये भपका दिसावा म्हणून ठेवलेला भडक रंगांचा मोड बदलला. स्पीकरवर रुमाल आला आणि रुमालावर महाराजांचा फोटो.

तुम्हीही घरच्यांसाठी महागडा टीव्ही घेत असाल तर दुकानात चित्र बघून भुलू नका. चित्र सगळ्यांचंच छान असतं. दुकानदाराला म्हणा, मेन स्विच बंद करून परत चालू करा. किती वेळात आणि कुठल्या पडद्यावर उघडतो ते बघा. फोन हातात न घेता चॅनल लागतं का बघा. दहा फुटांवर उभे राहून बातम्या ऐका, शब्द कळतात का बघा. टीव्हीवरचं बटण डोळे मिटून सापडतं का बघा. आणि जमलं तर ज्याच्यासाठी घेताय त्याच्याच हातात रिमोट द्या, तुम्ही गप्प उभे राहा. हे सगळ्यात अवघड आहे. माझाही हात सारखा पुढे जात होता.

परवा आजीचा फोन आला, दुपारी दोनलाच. माझ्या पोटात गोळा. म्हटलं, काय झालं? तर म्हणते, "काही नाही रे. लाइट गेली होती, आली. म्या लावला टीव्ही. तुले सांगाव म्हटलं." आणि ठेवून दिला. तिची मालिका सुरू झाली होती.

तुमच्या घरात टीव्हीचा ताबा कोणाकडे होता आणि आता कोणाकडे आहे, ते आज-आजोबांना विचारा. जमलं तर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!