पडद्यावरचे सारथ्य

मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ, तोही घरी दूरचित्रवाणी संचासमोर बसून खेळावयाचा, हा इतिहासलेखाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या वाचकांपैकी काहींस येईल. आम्हांसही प्रथम ती आली होती. परंतु ‘ग्रान टुरिस्मो’ या जपानी खेळाची हकीकत जसजशी आम्ही पाहत गेलो, तसतसा तिच्यात एक जुनाच प्रश्न दिसू लागला. प्रतिमेपुढे बसून मिळविलेली विद्या खरी मानावी की नाही? एकलव्याने मातीच्या द्रोणापुढे धनुर्विद्या साधली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या खेळाच्या बाबतीत तोच प्रयोग हजारो तरुणांनी केला, आणि त्याचा निकाल खऱ्या रस्त्यावर लागला.

खेळाचे जनक काझुनोरी यामाउची यांचा जन्म १९६७ सालचा. १९९२ च्या सुमारास त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांनिशी कामास आरंभ केला. मध्यंतरी १९९४ साली त्यांच्याच मंडळींनी ‘मोटर टून ग्रां प्री’ हा व्यंगचित्रांच्या थाटाचा खेळ काढला; पण मनातला खेळ निराळा होता. तो सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी जपानात २३ डिसेंबर १९९७ रोजी बाहेर पडला. पाच वर्षांचा हा उद्योग वाया गेला नाही. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती पुढे जगभर खपल्या.

शर्यतीचे खेळ तत्पूर्वी नव्हते असे नाही. नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ १९८२ सालीच आला होता. मात्र अशा खेळांत मजा होती ती वेगाची. मोटार कोणत्या घडणीची, याला महत्त्व नसे. यामाउची यांनी बाजारात मिळणाऱ्या खऱ्या मोटारी घेतल्या आणि प्रत्येकीचा स्वभाव गणिताने बांधण्याचा प्रयत्न केला. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाके हलकी होतात आणि त्याच क्षणी चक्र जोराने फिरविले तर गाडी शेपटीकडून घसरते. पुढील चाकांना जोर देणारी गाडी वळणावर बाहेर ओढते. मागील चाकांना जोर देणारी गाडी अधिक वायू देताच गिरकी घेते. खरा चालक हे सारे बसल्या जागी अंगाने ओळखतो. खेळणाऱ्यास ते डोळ्यांनी, कानांनी आणि हातातील नियंत्रकाच्या थरथरीवरून ओळखावे लागे.

आम्हांस सर्वांत नवल वाटले ते परवान्याचे. खेळणाऱ्याजवळ प्रथम थोडेसे द्रव्य असे. त्यात जेमतेम एखादी जुनी गाडी येई. शर्यतीत उतरावयाचे तर आधी परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागत. ठराविक अंतर धावून आखलेल्या चौकटीतच थांबणे किंवा एकच वळण नेमलेल्या वेळात पार करणे, असे ते धडे असत. एका वळणासाठी पन्नास वेळा बसणारी मुले गावोगावी होती. करमणुकीच्या वस्तूने गिऱ्हाइकाकडून इतकी तालीम करून घ्यावी, हे विरळाच! तथापि या शाळेत एक उणीव राहिली होती. भिंतीवर कितीही जोराने आदळा, त्या पहिल्या खेळातील गाडीला पोचाही पडत नसे.

या विद्येची कसोटी २००८ साली लागली. निसान आणि सोनी या कंपन्यांनी ‘जीटी अकॅडमी’ नावाची योजना काढली: खेळात उत्तम ठरतील त्यांना निवडून खऱ्या मोटारीवर शिकवावयाचे. पहिला विजेता लुकास ओर्दोन्येस हा स्पेनचा तरुण. २००९ च्या जानेवारीत तो दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला आणि २०११ साली फ्रान्समधील ल माँ येथे आपल्या वर्गात त्याच्या संघास दुसरे स्थान मिळाले. त्याच वर्षी वेल्समधील कार्डिफ येथे वाढलेला यान मार्डेनबरो अकॅडमीचा विजेता झाला. २०१३ च्या ल माँ शर्यतीत ओर्दोन्येस, मार्डेनबरो आणि अनुभवी मायकेल क्रुम हे तिघे एकाच गाडीवर होते व आपल्या वर्गात तिसरे आले. २०१४ साली भारतातील तरुणांनाही या स्पर्धेचे दार उघडले.

येथवरची कथा ऐकावयास गोड आहे. पुढचा भाग सांगितल्यावाचून मात्र इतिहास पुरा होत नाही. २८ मार्च २०१५ रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे, फ्लूगप्लात्स नावाच्या चढावर, मार्डेनबरोची गाडी हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे उडाली, आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. चालक स्वतः वाचला.

२०२३ साली या जीवनावर चित्रपट निघाला. त्यात हा अपघात ल माँच्या शर्यतीपूर्वी घडलेला दाखविला आहे, जणू नायकाने दुःखावर मात करून यश मिळविले. ओर्दोन्येसचे पहिलेपणही त्यात हरवले. कथाकारास थोडी मोकळीक असते हे आम्ही जाणतो. परंतु एका माणसाचा मृत्यू दुसऱ्याच्या विजयाची पायरी म्हणून दोन वर्षे मागे सरकविणे आम्हांस रुचले नाही. घडले ते उलट होते. यश आधी मिळाले होते, विद्या सिद्ध झाली होती, आणि तरीही तो प्रसंग आला.

अपघातानंतर त्या भागात वेगाला मर्यादा घालण्यात आली. पुढील हंगामाआधी रस्त्याचे उंचवटे कमी करून कुंपणे वाढविली, तेव्हा ती मर्यादा उठली. खेळात हा मार्ग २००४ च्या चौथ्या भागापासून आहे, आणि २०२२ साली निघालेल्या सातव्या भागातही आहे. तेथे फ्लूगप्लात्सवर गाडी उलटली, तर एक कळ दाबून शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते.