द्राक्षाला जामीन

सांगलीकराला द्राक्षं दोनच ठाऊक : पेटीतलं आणि बेदाण्यातलं. तिसरं सरकारला सुचलं. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण काढलं आणि वाइनसाठी दोन जागा ठरवल्या. नाशिककडे विंचूर, आमच्याकडे पलूस. आता गंमत पाहा. याच राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून हयात आहे आणि प्यायला परवाना लागतो. म्हणजे एका हाताने बूच लावायचं, दुसऱ्याने काढायचं!

त्या भागातल्या एका छोट्या वायनरीत मी चव घ्यायला गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, आधी पेला फिरवायचा, मग वास, मग घोट, नि मग थुंकायचं." फुकट मिळालेलं थुंकायचं, हे आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं. मी गिळलं.

पोरगा सांगत होता, तांबड्या वाइनचा रंग नि तुरटपणा सालीतून येतो. म्हणून हे द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं.

माझ्यातला कारकून जागा झाला. थॉमसनचा भाव पडला तर त्याचा बेदाणा होतो. याचं काय? पेटीत कोणी घेत नाही, बेदाण्यात बी दाताखाली येते. गिऱ्हाईक एकच. २००८ च्या मंदीनंतर त्याच गिऱ्हाइकाने हात वर केले, तेव्हा नाशिककडे शेतकऱ्यांनी उभ्या वेली उपटल्या.

बँकेत आम्ही कर्जाला दोन जामीन मागतो. बेदाणा हा थॉमसनचा जामीन. या द्राक्षाला जामीनच नाही, आणि कर्ज मात्र पुरतं!

"कशी लागली, साहेब?" पोराने विचारलं.

म्हटलं, "तुरट."