बुकीची अंत्ययात्रा आणि धावांचा भाव

१/
२००० साली लंडनच्या रस्त्यांवरून एक अंत्ययात्रा निघाली. तिरडीऐवजी शवपेट्या होत्या आणि ‘मृत’ होता बुकी. बेटफेअर या नव्या कंपनीने आपल्या जन्माची वर्दी अशी दिली!

२/
बुकीवरचा हा रोष स्प्रेड बेटिंगमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. १९७४ साली स्टुअर्ट व्हीलर यांनी आयजी इंडेक्स स्थापन केली. चलननिर्बंधांमुळे ब्रिटिश नागरिकांना सोने घेणे अवघड होते. म्हणून सोन्याऐवजी त्याच्या भावावर पैज. पुढे ही रीत खेळांत शिरली.

३/
समजा, पेढीने एका डावाचा भाव काढला : २८०–२९०. जास्त धावांची अपेक्षा असलेला २९०ला ‘घेतो’, कमी म्हणणारा २८०ला ‘विकतो’. धावेमागे १ पौंड. धावा ३४० झाल्या, तर पहिल्याला ५० पौंड मिळतात, दुसऱ्याचे ६० जातात. मधले १० पेढीचे. भाव काढणारी तीच आणि प्रतिपक्षही तीच!

४/
अँड्र्यू ब्लॅक व एडवर्ड रे यांच्या बेटफेअरने घोड्यांच्या व फुटबॉलच्या पैजांतून हा प्रतिपक्ष हटवला. दर ग्राहकानेच मांडायचा, दुसऱ्या ग्राहकाने स्वीकारायचा. कंपनी केवळ जिंकलेल्या रकमेवर अडत घेणार. (ब्लॅक यांचे आजोबा, खासदार सर सिरिल ब्लॅक, जुगाराचे कट्टर विरोधक होते.)

५/
मग स्प्रेडसाठीही हेच का नको? गाठ इथेच आहे. साध्या पैजेत कमाल तोटा आधीच ठाऊक असतो. एक्स्चेंज तेवढी रक्कम अडकवून ठेवते. स्प्रेडमध्ये तोटा धावेगणिक वाढतो. हरलेल्या अनोळखी माणसाने हात वर केले तर?

६/
१८४५च्या गेमिंग ॲक्टमुळे पैजेचे देणे न्यायालयात वसूल होत नसे. १९९१ साली ‘सिटी इंडेक्स विरुद्ध लेस्ली’ खटल्यात अपील न्यायालयाने भावफरकाच्या पैजेचे देणे वसुलीयोग्य ठरवले, ते १९८६च्या वित्तसेवा कायद्याच्या आधारे. पण पेढीपाशी वकील असतात. घरबसल्या पैज लावणाऱ्यापाशी नसतात.

७/
म्हणून ग्राहकाला ग्राहकाशी जोडायचे, तर आकड्याला तळ आणि छत हवे. समजा, हिशेब १५० ते ४५० धावांपुरताच धरला आणि सौदा २८५ला जुळला. घेणाऱ्याचा तोटा फार तर १३५, विकणाऱ्याचा १६५. दोन्ही रकमा नाणेफेकीपूर्वीच अनामत घेतल्या, की वसुलीचा प्रश्न उरत नाही; आणि पेढीच्या भावापेक्षा प्रत्येकाला धावेमागच्या पौंडाला ५ पौंड अधिक लाभतात, अडत वजा जाता.